दोघांसाठी नागपूर: तीन दिवसात काय बघायचं आणि कोणत्या वेळेला काय खायचं

दिवाळी झाली की माझ्याकडे फोन सुरू होतात. कोणाचं नवीन लग्न झालेलं असतं, कोणाची पोरं हॉस्टेलला गेलेली असतात आणि नवराबायकोला खूप वर्षांनी दोघंच फिरायला जायचं असतं, आणि सगळ्यांचा प्रश्न एकच, नागपूरला येतोय, काय बघू आणि काय खाऊ. मी जन्मापासून नागपूरची, आमच्या घरी पाहुणे नाहीत असा हिवाळा मला आठवत नाही, त्यामुळे एवढ्या वर्षांत जे कळलं ते एकदाच नीट लिहून टाकते.

पहिली गोष्ट ही की नागपुरात 'कुठे खायचं' यापेक्षा 'किती वाजता खायचं' हे जास्त महत्त्वाचं आहे. पोहे सकाळचे, सावजी म्हणजे आमचं झणझणीत रश्श्याचं जेवण दुपारचं, भुट्टा संध्याकाळचा. ही वेळ चुकली की एकतर पदार्थ संपलेला असतो नाहीतर तुम्हाला त्रास होतो. हे मी शिकले ते माझ्या चुलत वहिनीमुळे. दादा-वहिनी साताऱ्याहून आले होते, दिवसभराचा प्रवास, उपाशीपोटी, आणि आम्ही कौतुकाने त्यांना त्याच रात्री सावजी मटण खायला नेलं. वहिनीला आवडलं खूप, पण रात्रभर पोटात आग आग, आणि दुसरा पूर्ण दिवस बिचारी खोलीत पडून. तीन दिवसाच्या सुट्टीतला एक दिवस गेला. तेव्हापासून पाहुण्यांचा प्लॅन मी घड्याळ बघूनच करते आणि तुम्हीही तसाच करा.

आधी तारखा ठरवा

नोव्हेंबरच्या मधापासून फेब्रुवारीच्या शेवटापर्यंत या. सकाळी छान थंडी असते, डिसेंबर-जानेवारीत पारा कधी कधी १० च्या खाली जातो, तेव्हा स्वेटर नक्की आणा, "विदर्भ म्हणजे गरम" असं धरून नुसते कॉटनचे कपडे घेऊन आलेले लोक पहाटे कुडकुडताना मी पाहिलेत. मे महिन्यात मात्र कृपा करून येऊ नका. ४५ च्या वर तापमान जातं, शेवटी शेवटी नवतपा, म्हणजे सगळ्यात कडक उन्हाचे नऊ दिवस, लागतो, दुपारी रस्त्यावर कुत्रंसुद्धा दिसत नाही, आणि फिरणारे आम्ही लोकही तोंडाला दुपट्टा गुंडाळून फिरतो. पावसाळ्यात शहर हिरवंगार असतं पण रस्त्यावरचं खाणं तेव्हा जरा जपूनच.

आता तारखा ठरवताना दोन गोष्टी तपासून घ्या. एक म्हणजे विधिमंडळाचं हिवाळी अधिवेशन, ते बहुतेक डिसेंबरात असतं. त्या दिवसांत मंत्री, आमदार, अधिकारी, पत्रकार सगळे नागपुरात, सिव्हिल लाइन्सचे रस्ते बंद, रोज मोर्चे, आणि हॉटेलं भरलेली. माझ्या मैत्रिणीच्या बहिणीने दोन महिने आधी खोली बुक केली होती तरी त्या हॉटेलवाल्यांनी ऐनवेळी खोली नाही म्हणून सांगितलं आणि दोघं सामान घेऊन रात्री फिरत बसले. म्हणून अधिवेशनाच्या तारखा जाहीर झाल्या की बघून घ्या आणि ते दिवस सोडून द्या.

दुसरं म्हणजे दसरा, हिवाळ्याच्या आधीच यायचं ठरवत असाल तर. दसऱ्याला दीक्षाभूमीवर लाखो लोक येतात, देशभरातून येतात, आणि तो सोहळा बघण्यासारखाच आहे, पण तो बघायलाच यायचं असेल तर त्या तयारीने या. शांतपणे शहर फिरायचं असेल तर ते तीन-चार दिवस टाळा.

आणि सोमवार मधे येऊ देऊ नका. अजब बंगला, म्हणजे इथलं जुनं म्युझियम, आणि बाकीची बरीच बघायची ठिकाणं सोमवारी बंद असतात. मी तर सांगीन गुरुवारी सकाळी या आणि शनिवारी रात्री निघा.

यायचं कसं आणि राहायचं कुठे

मुंबई-पुण्याहून रात्रीच्या गाडीने बसा आणि सकाळी उतरा, हे सगळ्यात चांगलं, कारण सकाळी उतरलं की पोह्यांची वेळ सापडते. स्वतःची गाडी असेल तर समृद्धी महामार्ग आहे, ७०१ किलोमीटरचा, २०२५ च्या जूनपासून तो पूर्ण मुंबईच्या बाजूपर्यंत सुरू झाला. पण सलग एकट्यानेच गाडी चालवू नका, रस्ता सरळच्या सरळ आहे आणि डोळ्यावर झापड येते, दोघांनी आलटून पालटून चालवा आणि मधे थांबत या.

राहायला सीताबर्डी, धंतोली, रामदासपेठ किंवा धरमपेठ यापैकी कुठेही बघा. आम्ही बर्डी म्हणतो, पूर्ण नाव कोणी घेत नाही. बर्डी का, तर मेट्रोच्या दोन्ही लाइनी तिथे एकमेकींना छेदतात, म्हणजे तुम्ही कुठूनही कुठेही जाऊ शकता. स्टेशनजवळ सेंट्रल अॅव्हेन्यूवर हॉटेलं स्वस्त मिळतात, एका रात्रीपुरती ठीक, पण गाड्यांचा आवाज फार. बुकिंग करताना दोघांचंही ओळखपत्र लागेल हे धरून चाला, एकाचंच आणून दुसऱ्याचं घरी विसरलेले खूप जण पाहिलेत. आणि खोली सकाळी लवकर मिळेल का ते फोन करून विचारून घ्या. नाही म्हणाले तर सामान ठेवून पोहे खायला निघा, तोपर्यंत खोली तयार होते.

मेट्रो समजून घ्या, दहा मिनिटांचं काम आहे

दोन लाइनी आहेत. ऑरेंज लाइन खापरीहून ऑटोमोटिव्ह चौकापर्यंत, म्हणजे दक्षिणेकडून उत्तरेकडे. अॅक्वा लाइन लोकमान्य नगरहून प्रजापती नगरपर्यंत, म्हणजे हिंगण्याच्या बाजूने पूर्वेकडे. दोन्हींचा मिलाफ सीताबर्डी इंटरचेंजला. विमानतळ ऑरेंज लाइनवर आहे आणि रेल्वे स्टेशन अॅक्वा लाइनवर. मेट्रो २०१९ मध्ये सुरू झाली आणि डिसेंबर २०२२ मध्ये पहिला टप्पा पूर्ण झाला. वर्धा रोडवर तर एकाच खांबावर खाली रस्ता, वर उड्डाणपूल आणि त्याच्यावर मेट्रो असा प्रकार आहे, विमानतळाकडून येताना खिडकीपाशी उभे राहा म्हणजे दिसेल.

मेट्रो जिथे जात नाही तिथे ऑटो. एक लक्षात ठेवा, नागपुरात रिक्षा म्हटलं की जुन्या लोकांना सायकल रिक्षाच कळते, तीन चाकी गाडीला आम्ही ऑटोच म्हणतो. बसायच्या आधी भाडं ठरवा, किंवा फोनवरच्या अॅपने बोलवा. पत्ता सांगताना रस्त्याचं नाव सांगून उपयोग नाही, चौक सांगा. व्हरायटी चौक, झाशी राणी चौक, शंकर नगर चौक, बडकस चौक, आमचं सगळं शहर चौकातच चालतं. आणि समोरचा हिंदीत बोलला तरी तुम्ही मराठीत बोला, त्याला येते. इथे घराघरात दोन्ही भाषा चालतात, एकाच वाक्यात पण चालतात.

पहिला दिवस सकाळी: तर्री पोहे

खोलीवर सामान टाकलं की कस्तुरचंद पार्कला जा, त्याच नावाचं मेट्रो स्टेशन आहे. आम्ही केपी म्हणतो. तिथल्या पोह्याच्या ठेल्यांवर सकाळी ऑफिसवाले, कॉलेजची पोरं, सकाळी फिरून आलेले काका, सगळे उभ्याने खात असतात. पोहे साधेच, तुमच्याकडे असतात तसेच पिवळे, पण त्यावर काळ्या चण्याचा लाल तिखट रस्सा ओततात, ती तर्री. वरून कच्चा कांदा, थोडा चिवडा किंवा शेव, लिंबू. तर्रीमुळे पोहे कोरडे लागत नाहीत आणि चण्यामुळे पोट दुपारपर्यंत भरलेलं राहतं.

नवीन माणसाने असं करावं: पहिली प्लेट दोघांत एकच घ्या आणि "भाऊ, तर्री थोडी कमी टाका" म्हणा. मग चव बघून "अजून टाका" म्हणता येतं, टाकतात, कोणी नाराज होत नाही. आधीच भरपूर घेतली तर परत काढता येत नाही. तर्रीचा वरचा लाल तेलाचा थर सगळ्यात तिखट असतो, खालचा रस्सा त्यामानाने सौम्य. आणि हे दोघांत एक प्लेटचं सूत्र पूर्ण सुट्टीभर पाळा. त्यात पैसे वाचतातच पण त्यापेक्षा पोटात जागा राहते, एका सकाळी पोहेही होतात, आलूबोंडा-तर्रीही होते आणि कचोरीही. बटाट्याला आम्ही आलूच म्हणतो आणि कोथिंबिरीला सांबार. त्यामुळे कोणी "सांबारवडी घ्या" म्हटलं तर इडलीबरोबरचं सांबार डोळ्यासमोर आणू नका, ती वेगळी गोष्ट, तिच्याबद्दल खाली सांगते.

गर्दी असलेल्याच ठेल्यावर खा. गर्दी म्हणजे माल लवकर संपतो, म्हणजे ताजा. दहा-अकरा वाजले की चांगल्या ठेल्यांवरचे पोहे संपत येतात, म्हणून आठच्या आसपास पोचा.

पोह्यानंतर पायीच

केपीवरून झिरो माइल चालत जाता येतं. वाळूच्या दगडाचा खांब आणि चार घोडे. लोक सांगतात की हा भारताचा मध्यबिंदू, फोटोही त्याच नावाने काढतात. पण मुळात हा इंग्रजांच्या काळातल्या मोजणीचा दगड आहे, इथून वेगवेगळ्या गावांची अंतरं धरायची, आणि खाली दगडावर हैदराबाद, जबलपूर, छिंदवाडा, बैतूल, चांदा अशी नावं आणि मैल कोरलेले आहेत. चांदा म्हणजे आजचं चंद्रपूर. फोटो काढून पळू नका, ती नावं वाचा, कारण त्यावरून नागपूर काय होतं ते कळतं, मुंबई-पुण्याकडे पाठ आणि मध्य प्रांताकडे तोंड असलेलं शहर. आमच्या बोलण्यात आणि जेवणात जी हिंदी झाक आहे ती तिथूनच आली.

जवळच विधान भवन, बाहेरूनच बघायचं. आणि मग अजब बंगला, म्हणजे सेंट्रल म्युझियम, १८६३ साली सुरू झालेलं. दगडी मूर्ती, जुनी शस्त्रं, पेंढा भरलेले प्राणी, आदिवासी समाजाच्या वस्तू. दीड तास पुरतो. उन्हाच्या वेळी आत असलेलं बरं, म्हणून मी ते अकरानंतर ठेवते.

सीताबर्डीचा किल्ला तुम्हाला वरती टेकडीवर दिसेल आणि जावंसं वाटेल, पण तो सैन्याच्या ताब्यात आहे, २६ जानेवारी, १ मे आणि १५ ऑगस्ट अशा मोजक्या दिवशीच लोकांना आत सोडतात. नोव्हेंबर १८१७ मध्ये इथेच आप्पासाहेब भोसल्यांच्या फौजेची आणि इंग्रजांची लढाई झाली आणि ती आपण हरलो. तुमची सुट्टी २६ जानेवारीला लागून असेल तर मात्र सोडू नका, सकाळी लवकर जाऊन रांगेत लागा.

दुपारी खोलीवर जाऊन झोपा. खरंच झोपा, रात्रीच्या प्रवासाचा शीण असतो आणि संध्याकाळ मोठी आहे. पहिल्या दिवशी दुपारचं जेवण साधं, एखाद्या मराठी थाळीच्या ठिकाणी. वडाभात मिळाला तर तो घ्या. मिश्र डाळीचे वडे गरम भातावर कुस्करायचे आणि वरून हिंग-मिरचीची कडकडीत तेलाची फोडणी. विदर्भाबाहेर हा प्रकार फार कमी ठिकाणी मिळतो आणि तिखट झेपत नसणाऱ्यालाही चालतो.

दीक्षाभूमी आणि मग फुटाळा

चार वाजता दीक्षाभूमीला पोचा. राहाटे कॉलनी मेट्रो स्टेशनला उतरून ऑटोने थोडंसंच आहे. १४ ऑक्टोबर १९५६ ला, त्या वर्षीच्या दसऱ्याला, डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी इथे लाखो अनुयायांसोबत बौद्ध धम्माची दीक्षा घेतली. आज जो पांढरा भव्य स्तूप आहे त्याचं उद्घाटन २००१ च्या डिसेंबरमध्ये तेव्हाचे राष्ट्रपती के. आर. नारायणन यांच्या हस्ते झालं. सांचीच्या स्तुपावरून कल्पना घेतलीय पण एक मोठा फरक आहे, सांचीचा स्तूप भरीव, हा आतून पोकळ, त्यामुळे तुम्ही घुमटाच्या खाली आत उभे राहू शकता. बाहेर बोधिवृक्ष आहे, त्याची रोपं श्रीलंकेतल्या अनुराधापूरहून आणलेली. बावीस प्रतिज्ञाही तिथे कोरलेल्या आहेत, त्या उभं राहून वाचा.

हे पर्यटनाचं ठिकाण नंतर, आधी श्रद्धेचं. चपला बाहेर, फोन सायलेंटवर, आत जोरात बोलायचं नाही आणि दोघांनी गळ्यात हात घालून सेल्फी काढायची जागा ही नाही. माझी आई कधीच आजूबाजूच्या बाकीच्या देवळांत रमली नाही पण इथे झाडाखाली तासभर शांत बसायची. तुम्हीही थोडं बसा.

एक गोष्ट बाहेरगावच्यांच्या लक्षात येत नाही: आपण इतक्या पूर्वेला आहोत की सूर्य मुंबई-पुण्यापेक्षा वीस-पंचवीस मिनिटं आधीच मावळतो, डिसेंबरात तर साडेपाचलाच. म्हणून दीक्षाभूमीवर पाचपर्यंतच थांबा आणि सरळ फुटाळा तलाव गाठा. भोसल्यांच्या काळातला तलाव, एका बाजूला झाडी, दुसऱ्या बाजूला चौपाटी. सूर्य पाण्यावर उतरताना बघायचा आणि मग लिंबू-मीठ-तिखट चोळलेला भुट्टा खायचा, निखाऱ्यावर समोर भाजून देतात. पाणीपुरी आहेच, तिला जुने लोक इथे गुपचूप म्हणतात. थंडीतही काही जण गोळा खातात, पण रस्त्यावरच्या बर्फाच्या बाबतीत मी कडक आहे, प्रवासात आलेल्या माणसाने बर्फ टाळावा. गोडच हवं असेल तर दिनशॉचं आईस्क्रीम घ्या, १९३२ पासूनची नागपूरची कंपनी आहे. कारंज्याचा शो बघायचा असेल तर तो सध्या सुरू आहे का ते आदल्या दिवशी विचारून घ्या, त्याच्या भरवशावर संध्याकाळ ठरवू नका.

दुसरा दिवस: महाल, इतवारी आणि सावजी

हा माझा सगळ्यात आवडता दिवस, कारण जुनं नागपूर इथेच आहे. अॅक्वा लाइनने चितार ओळीला उतरा. चितार ओळ म्हणजे मूर्तिकारांची वस्ती, गणपतीच्या आधी या गल्लीत पाय ठेवायला जागा नसते. तिथून आत महालात चालत जायचं. बडकस चौक, भोसल्यांचा वाडा बाहेरून, कल्याणेश्वराचं जुनं देऊळ, आणि गांधी गेट ज्याला पूर्वी जुम्मा दरवाजा म्हणायचे. गोंड राजा बख्त बुलंद शाहने हे गाव वसवलं आणि नंतर रघुजी भोसल्यांनी इथे राजधानी केली, त्या काळचे दगड, लाकडी खांब, कोरीव काम अजून अधेमधे टिकून आहे, फक्त मान वर करून चालावं लागतं कारण खाली दुकानं झालीयत आणि जुनं सगळं वरच्या मजल्यावर उरलंय.

तसंच पुढे इतवारीत शिरा. इतवारी, बुधवारी, शुक्रवारी, मंगळवारी, आमच्याकडे बाजारांची आणि वस्त्यांची नावं वारांवरूनच पडलेली. इतवारीत सराफा, कापड, मसाले, किराणा, सगळं ठोक. गर्दीत हात धरून चाला, स्कूटर कुठूनही येतात. मसाल्याच्या दुकानातून सावजी मसाला घ्या, बंद पाकिटापेक्षा समोर मोजून दिलेला चांगला, पण थोडाच घ्या, शंभर ग्रॅमही महिना पुरतो.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, म्हणजे तान्ह्या पोळ्याला, याच भागातून काळी आणि पिवळी मारबत निघते, शंभराहून जास्त वर्षांची परंपरा, "घेऊन जा गे मारबत" असं ओरडत रोगराई, संकटं गावाबाहेर नेऊन जाळायची. पाऊस आणि प्रचंड गर्दी सहन होत असेल तर खास त्यासाठी एकदा ऑगस्ट-सप्टेंबरात या.

आता सावजी. सावजी हे कोण्या एका हॉटेलचं नाव नाही, हलबा कोष्टी समाजाच्या, म्हणजे विणकरांच्या घरातलं हे जेवण. नागपुरात १८७७ साली जमशेदजी टाटांची एम्प्रेस मिल सुरू झाली, इतवारी, महाल, पाचपावली, गोळीबार चौक या भागात घराघरात हातमाग होते, आणि त्याच वस्त्यांमध्ये आज सावजी भोजनालयांच्या पाट्या दिसतात. मसाल्यात सुकं खोबरं, खसखस, दगडफूल, मिरे, लवंग, धणे, सगळं भाजून वाटलेलं, आणि जुन्या घरात जवसाचं तेल. नुसतं तिखट म्हणून सावजीची ओळख झाली याचं मला वाईट वाटतं. चांगल्या सावजीत तिखट नंतर येतं, आधी भाजलेल्या मसाल्याचा वास आणि खसखशीचा दाटपणा कळतो. तोंड बधिर झालं आणि दुसरं काहीच कळलं नाही तर समजा ते सावजी चांगलं नव्हतं.

कसं खायचं ते सांगते. दुपारी साडेबारा ते दोनच्या मधे जा, पहिली हंडी ताजी असते आणि संध्याकाळपर्यंत पचायला वेळ मिळतो. सकाळी काहीतरी खाऊन जा, उपाशीपोटी नाही. दोघांत एकच मटण किंवा चिकन घ्या, सोबत ज्वारीची भाकरी किंवा पोळी, आणि भात. रश्श्यावरचा तेलाचा थर चमच्याने बाजूला सारा, ही लाजायची गोष्ट नाही, आमच्या घरातले म्हातारे पण तसंच करतात. कांदा-लिंबू मागून घ्या. तोंड पोळलं तर पाणी पिऊन काही होत नाही, भाकरीचा कोरडा तुकडा चावा, आणि जेवण झाल्यावर ताक प्या. खूर, कलेजी, सुंदरी असे प्रकारही असतात, सुंदरी म्हणजे आतडी, हे आधी माहीत असू द्या म्हणजे नंतर कोणाला त्रास नको.

दोघांतला एक शाकाहारी असेल तरी सावजी चुकवू नका. पाटोडी रस्सा मागा. बेसनाच्या शिजवलेल्या वड्या त्याच मसाल्याच्या रश्श्यात, आणि मला विचाराल तर ती मटणापेक्षा एक इंचही कमी नाही. डाळकांदा पण चांगला असतो. शाकाहारी माणूस काटेकोर असेल तर मात्र भांडी आणि रस्सा वेगळे आहेत का ते स्पष्ट विचारा, किंवा शुद्ध शाकाहारी ठिकाणीच पाटोडी खा.

अजून एक, बऱ्याच सावजी भोजनालयांत दारूही चालते आणि बसायची सोय साधी असते. आत शिरताना "फॅमिलीसाठी वेगळं बसायचं आहे का" असं विचारा. असेल तर बसा, वातावरण बरं वाटलं नाही तर सरळ पार्सल घ्या. बाईमाणसाला जिथे अवघडल्यासारखं होतं तिथे जेवण कितीही चांगलं असलं तरी अंगी लागत नाही.

संध्याकाळी हलकंच. मेट्रोने परत येऊन धरमपेठेत ट्रॅफिक पार्कच्या आजूबाजूला चक्कर मारा, गोकुळपेठेच्या बाजारात जा, आणि आता ती सांबारवडी खा. आतमध्ये भरपूर सांबार, सुकं खोबरं, खसखस, वरून पातळ आवरण, पुडीसारखी बांधून तळलेली, म्हणून तिला पुडाची वडी पण म्हणतात, आणि सोबत कढी. थंडीत सांबार कोवळा आणि भरपूर असतो तेव्हाच तिची खरी चव. बाकी महाराष्ट्रातल्या कोथिंबीर वडीशी तिचा काही संबंध नाही.

पानटपरीवर लोक खर्रा घोटून घेताना दिसतील, "एकदा चाखून बघा" असं कोणी म्हणेलही. घेऊ नका. ती सुपारी आणि तंबाखू आहे, आमच्या विदर्भात त्याने तोंडाचे कॅन्सर होऊन राहिले, माझ्या ओळखीतले दोन माणसं गेले.

तिसरा दिवस: रामटेक

गोरेवाड्याची सफारी आणि रामटेक यातलं एक निवडा, दोन्ही एका दिवसात कोंबू नका. गोरेवाडा २०२१ च्या २६ जानेवारीला सुरू झालेलं प्राणी उद्यान, बसमधून वाघ, बिबट, अस्वल दाखवतात, तिकीट आधी ऑनलाइन काढा. पण पेंच किंवा ताडोबाला कधी जाणार असाल तर गोरेवाडा सोडलं तरी चालेल. मी दोघांना रामटेकलाच पाठवते.

रामटेक साधारण ५० किलोमीटर. गणेशपेठच्या एसटी स्टँडवरून बस मिळते, पण दिवसभराची टॅक्सी केली तर खिंडसी तलावही होतो. सकाळी सातला निघा, वाटेत पोहे. गडावर रामाचं देऊळ, तिथून खाली अंबाळा तलाव आणि चारी बाजूंना पसरलेली शेतं दिसतात. कालिदासाने मेघदूतात ज्या रामगिरीचं नाव घेतलं तो हाच डोंगर असं मानतात, म्हणून वर कालिदास स्मारक आहे. वाकाटकांच्या काळातली नरसिंहाची देवळंही इथे आहेत, दीड हजार वर्षं जुनी, आणि बहुतेक लोक रामाचं दर्शन घेऊन परत फिरतात, ती बघतच नाहीत. तुम्ही मात्र तिथल्या माणसाला विचारून केवल नरसिंह आणि रुद्र नरसिंह दोन्ही बघा. वानरं खूप आहेत. हातात प्रसादाची पिशवी दिसली की ओढतात, म्हणून खाण्याचं सगळं बंद बॅगेत, आणि चष्मा सांभाळा.

परत येताना वेळ आणि ताकद असेल तर कामठीला ड्रॅगन पॅलेस, जपानच्या मदतीने १९९९ मध्ये बांधलेलं बुद्धविहार, आतमध्ये चंदनाची बुद्धमूर्ती. रामटेकच्या वाटेपासून फार लांब नाही आणि दिवसभराच्या दगदगीनंतर अर्धा तास तिथे बसलं की थकवा उतरतो.

निघताना

संत्री स्टेशनवर घेऊ नका, तिथे महाग पडतात आणि निवडता येत नाहीत. आदल्या दिवशी बाजारातून घ्या. नोव्हेंबर-डिसेंबरात आंबिया बहाराची मिळतात, ती जरा आंबटगोड, फेब्रुवारी-मार्चात मृग बहाराची, ती जास्त गोड. नागपूरच्या संत्र्याची साल ढिली असते, हाताला पोकळ लागली म्हणून खराब समजून ठेवून देऊ नका, उलट तीच ओळख आहे. हातात घेऊन वजन बघा, जड आहे ती रसाची. २०१४ पासून तिला भौगोलिक मानांकनही आहे. प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून ठेवलीत तर दोन दिवसात बुरशी धरते, कापडी पिशवी किंवा भोकं असलेली पेटी घ्या, आणि गाडीत वरच्या बर्थवर टाकू नका, सीटखाली ठेवा.

संत्रा बर्फी हल्दीरामची सगळेच नेतात, तुम्हीही न्या, फक्त डब्यावरची तारीख बघा आणि नातेवाइकांना वाटायला अर्ध्या अर्ध्या किलोचे डबे वेगळे घ्या, एकच मोठा डबा उघडला की लवकर संपवावा लागतो. सावजी मसाल्याचं पाकीट मात्र दोन पिशव्यांत घट्ट गुंडाळून कपड्यांपासून दूर ठेवा, तो वास धुतल्यावरही जात नाही. आणि शनिवारी रात्रीची गाडी असेल तर जेवण दही-भाताचं घ्या, गाडीत सावजीचं पार्सल उघडू नका.